भेटीच्या वेळी घर बंद होते

"वाचा मॅडम. तुमचाच अहवाल आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मी उठून उभी राहिले, पदर सारखा केला आणि वाचायला लागले.

"दिनांक सतरा एप्रिल रोजी बालिकेच्या घरी समक्ष भेट दिली. भेटीच्या वेळी घर बंद होते व दारास कुलूप होते. शेजारी चौकशी केली असता असे समजले की, बालिकेची आई सकाळी कामास जाते व सायंकाळी परतते. दिवसभर बालिकेकडे लक्ष देण्यास घरी कोणीही नसते."

कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला माझा आवाज. वाचताना मी मध्ये थांबत होते, मान वर करून तिन्ही सभासदांकडे बघत होते. समोर बालिकेची आई बसली होती. तिला खुर्ची दिली होती, पण ती तिच्या अगदी कडेवर टेकली होती. खुर्ची मळेल अशी भीती असावी. एका डोळ्यावर सरकारी दवाखान्याची हिरवी पट्टी, आणि केसांत, भुवयांत, नखांत खडीची पांढरी भुकटी मुरलेली.

"कुणाच्या दाराला?" तिनं विचारलं.

"बाई, मध्ये बोलायचं नाही," अध्यक्ष म्हणाले.

"न्हाई, कुलूप म्हनल्या म्हून इचारते. कुणाच्या दाराला?"

"तुमच्याच. यल्लूबाई धोत्रे, क्रशरजवळची वस्ती. तुम्हीच ना?"

"मीच की. पर माझ्या घराला दारच न्हाई, सायब. गोणपाट हाय. गोणपाटाला कुलूप कसं लावायचं?"

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या लिपिकानं लिहिणं थांबवलं. सभासद हकीम डॉक्टरबाईंनी हळूच माझ्याकडे मान वळवली. मी हातातला कागद टेबलावर ठेवून दिला.

"ह्या बाई माझ्या घरी आल्याच न्हाईत," यल्लूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. वजनात चूक झाली तर दुकानदाराला सांगावं, तसं तिनं सांगितलं. "आल्या असत्या तर दिसलं असतं की."

ती खरं बोलत होती. मी गेलेच नव्हते.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. पोलिसांना एखादं मूल एकटं सापडलं की ते बाल कल्याण समितीपुढे आणतात. नाव समिती, पण मुलांच्या बाबतीत ती कोर्टच. मूल आईबापांकडे परत द्यायचं की बालगृहात ठेवायचं, हे तीच ठरवते. आणि ठरवताना तिच्यासमोर असतो आमचा गृहभेट अहवाल. आम्ही घरी जायचं, चूल बघायची, अंथरूण बघायचं, शेजारीपाजारी चार माणसांशी बोलायचं आणि खरं ते लिहायचं. समितीची माणसं काही वस्त्यांवर हिंडत नाहीत. त्यांचे डोळे म्हणजे आम्ही.

ही मुलगी, रेणुका, एसटी स्टँडच्या बाकावर झोपलेली सापडली होती. वय वर्षं आठ. क्रशरवर काम करताना दगडाची कपची उडून आईच्या डोळ्यात गेली, आईला दवाखान्यात दाखल केलं. बाप दोन वर्षांपूर्वीच खोकून खोकून गेलेला. बायकांच्या वॉर्डात मुलीला थांबू देईनात, म्हणून ती समोरच्या स्टँडवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी उचलली. आई पट्टी बांधून बाहेर आली तर पोर गायब. तीन दिवस ती एका डोळ्यानं गावभर पोर शोधत होती.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, पोलिसांच्या कागदात होतं. राहिली होती फक्त गृहभेट.

सतरा एप्रिलला मी निघाले होते, हे खोटं नाही. बसनं वस्तीच्या फाट्यावर उतरले. तिथून दोन किलोमीटर चालायचं होतं. रस्ता म्हणजे पांढऱ्या भुकटीचा पट्टा, त्यावर झाडाचं नाव नाही आणि खडीचे डंपर धुरळा उडवत येताहेत. माझ्या पायात आदल्या दिवशी घेतलेल्या चपला होत्या. आज लाज वाटते सांगायला, पण माझी अडचण एवढीच होती. फाट्यावर रसवंती होती. मी बर्फ घालून उसाचा रस घेतला आणि रसवाल्याला विचारलं, "क्रशरवरची धोत्रेबाई माहितेय का?"

"डोळ्याला पट्टीवाली? कालपासनं पुन्हा कामावं जाती. सकाळी जाती ती सांजंला येती. आत्ता कशाला घावतीया."

झालं. शेजारी चौकशी झाली. परतीची बस समोरच उभी होती.

आमच्या ऑफिसात ही रीतच होती. मला कामाला लावताना जगदाळे साहेबांनी शिकवलं होतं, "ननवरे, वेळ नसेल तेव्हा घर बंद होतं लिहायचं. बंद घराला कोण काय विचारतंय?" चाळीस-चाळीस फायली असत, जीप महिन्यातून दोनदा मिळे. सगळेच तसं लिहीत. मीही त्याआधी चार-पाचदा लिहिलं असेल. त्या घरांना दारं असावीत.

तर आता समितीपुढे सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणायला हवं होतं, सर, माझी चूक झाली, मी उद्याच जाऊन येते. एवढं एक वाक्य. ते माझ्या घशापर्यंत आलंसुद्धा होतं.

पण अध्यक्ष माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचं आडनाव चिटणीस, आम्ही त्यांना सर म्हणायचो. निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे आणि मनानं खरंच चांगले. त्यांच्या डोक्यात वेगळंच काहीतरी अडकलं होतं.

"थांबा, थांबा. घराला दार नाही?"

"न्हाई सायब."

"आठ वर्षांची मुलगी आहे तुमची. दिवसभर तुम्ही कामावर. आजूबाजूला डंपरचे ड्रायव्हर, क्लीनर, कोण कुठले. आणि घराला दार नाही?"

आपण काय बोलून बसलो, ते यल्लूबाईच्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

"पर सायब, वस्तीत कुणाच्याच घराला... सगळी आमचीच मान्सं हायेत. रेणी माझ्यासंगच येती क्रशरवं. माझ्या नजरंसमूरच असती."

"क्रशरवर? त्या धुळीत? म्हणजे शाळेत जात नाही?"

तिनं मान खाली घातली. आता ती जे बोलेल ते तिच्याच अंगावर येत होतं.

"नोंद घ्या," सर लिपिकाला म्हणाले. "आईच्या स्वतःच्या सांगण्यानुसार घर असुरक्षित आहे. तसंच, अधिकारी भेटीस आल्याच नाहीत असं आईचं म्हणणं आहे, तेही लिहा. ते पुढच्या वेळी बघू. तोवर बालिका बालगृहातच राहील. एक महिना. बाई, महिन्यात घराला दार लावा, शाळेत नाव घाला, मग या."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा पहिल्यांदा हेच वाटलं. सुटले. त्या बाईचं पोर महिनाभर अडकलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

रेणुकाला आत बोलावलं. उवा झाल्या म्हणून बालगृहात तिचे केस अगदी बारीक कापले होते. यल्लूबाईनं आधी ओळखलंच नाही. मग ती पुढे झाली आणि त्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवत राहिली.

"आयं, जायचं?" पोरीनं विचारलं. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. कोणीतरी तिला आधीच सांगून ठेवलं असणार, की आज आई न्यायला येणार आहे.

"दार लावते अन् येते," यल्लूबाई म्हणाली.

पोरीला त्यातलं काही कळलं नाही. काळजीवाहक बाईंनी तिला आत नेलं.

महिनाभरानं, तारखेच्या आदल्या दिवशी, मी वस्तीवर गेले. कोणी सांगितलं नव्हतं, गेले. जुन्या चपला घातल्या होत्या. दोन किलोमीटर चालायला पंचवीस मिनिटं लागली. फक्त पंचवीस.

दगडावर दगड रचलेल्या पंधरा-वीस खोपटांची वस्ती. सगळ्यांना गोणपाटं किंवा जुन्या साड्या लावलेल्या. एकाच खोपटाला दार होतं. डांबराचं पिंप फोडून, ठोकून सपाट केलेल्या पत्र्याचं, लाकडी चौकटीत बसवलेलं. त्याला कोयंडा होता आणि कोयंड्यात नवं कोरं कुलूप.

यल्लूबाई दारातच बसली होती. पट्टी निघाली होती, पण तो डोळा पांढरट दिसत होता. मला बघून ती लगबगीनं उठली.

"या बाई. उनाच्या आल्या." तिनं तांब्या पुढे केला. मग दार ओढून बंद केलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. "बगा लावून-उघडून. पक्कं हाय."

मी कुलूप उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.

"आता लिवा," ती म्हणाली. "कुलूप हाय म्हून."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं, मला निदान रागावता आलं असतं. पण टोमणा नव्हता. माझ्या कागदात कुलूप पाहिजे आहे, एवढंच तिला समजलं होतं, आणि ते तिनं आणलं होतं.

आत चूल सारवलेली, भांडी घासून पालथी घातलेली, दोरीवर पोरीचा एक फ्रॉक. शाळेत नाव घातल्याचा दाखलाही तिनं काढून ठेवला होता. मी एकेक गोष्ट लिहून घेतली. मग आठवण झाली म्हणून विचारलं, "यल्लूबाई, बालगृहात रविवारी भेटायची वेळ असते. त्यांच्या वहीत आहे, तुम्ही चारही रविवार आला नाहीत."

"मुकादम म्हनला, पत्रा देतो, चौकट बी देतो, रविवारचा खाडा करू नगंस. मग चार रविवार केलं काम." तिनं दोरीवरचा फ्रॉक सारखा केला. "लई रडली का वो ती?"

मला ठाऊक नव्हतं. मी बालगृहाच्या वरच्याच मजल्यावर रोज बसत होते आणि मी एकदाही खाली जाऊन बघितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "बरी आहे."

निघताना मी ते बोलले. वाटेत पंचवीस मिनिटं त्याचीच जुळवाजुळव केली होती. "यल्लूबाई, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ना, मी आलेच नव्हते म्हणून, ते कागदावर आलंय. उद्या सर त्याबद्दल विचारणार. अहवाल खोटा ठरला तर सगळी चौकशी नव्यानं होते. दुसरा अधिकारी, नवी तारीख. दोन महिने, चार महिने, काही सांगता येत नाही."

तिनं कुलपाची किल्ली पदराच्या गाठीला बांधली.

"मग मी काय बोलू?"

"ते तुम्ही ठरवा," मी म्हणाले.

मी तिला खोटं बोल म्हटलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच समजावत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळं नीट चाललं होतं. माझा अहवाल चार पानी होता. दार, कुलूप, चूल, शाळेचा दाखला, रविवारचं कारण, सगळं होतं. वाचताना एकदाही आवाज लावला नाही. हकीम डॉक्टरबाई म्हणाल्या, "असा अहवाल हवा." सरांनी मान डोलावली. रेणुकाला आणून बाकावर बसवलं होतं. ती आईकडे पाठ करून बसली होती. चार रविवारांचा राग होता तो. यल्लूबाई मागून तिच्या फ्रॉकची सुटलेली नाडी बांधत होती.

"मुलगी द्यायला हरकत दिसत नाही," सर म्हणाले. "पण त्याआधी एक गोष्ट." त्यांनी मागचा कागद पुढे ओढला. "गेल्या वेळी या बाई म्हणाल्या, मॅडम घरी आल्याच नाहीत. मॅडमचा अहवाल म्हणतो, आल्या होत्या, कुलूप होतं. दोघींपैकी एकजण समितीपुढे खोटं बोललं आहे. अहवाल खोटा असेल तर मला त्यावर आदेश देता येणार नाही. चौकशी पुन्हा करावी लागेल, आणि मुलगी इथेच राहील. बोला."

ते माझ्याकडे बघत होते. मी डोक्यात भराभरा हिशेब केला. खातेनिहाय चौकशी, निलंबन, सासरी काय सांगायचं. त्या हिशेबात यल्लूबाईही होती. मी खरं बोलले तर तिचंच नुकसान आहे, पोर अडकेल. किती सोयीची दया होती ती! मी खरं बोलले असते तर सरांनी काहीतरी मार्ग काढलाच असता. माणूस चांगला होता. तिथल्या तिथे डॉक्टरबाईंना जीपमध्ये घालून वस्तीवर पाठवलं असतं. दार खरं होतं, कुलूप खरं होतं, दाखला खरा होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

यल्लूबाईनं माझ्याकडे बघितलं. चांगल्या डोळ्यानं, बराच वेळ. ती मला आधी बोलायची संधी देत होती, हे मला आज कळतं असं नाही. तेव्हाच कळलं होतं.

मी समोरच्या फायलीची दोरी नीट करत बसले.

"बाई आल्या व्हत्या, सायब," ती म्हणाली. "मीच खोटं बोलले."

"आणि दार नाही म्हणालात, कुलूप कसं लावणार म्हणालात, ते?"

"ते बी खोटं. व्हतं कुलूप."

डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या. नव्या अहवालात दार नवीन बसवल्याचं मीच लिहिलं होतं. त्यांच्या लक्षात आलं असणार. पण त्या पोरीकडे बघून गप्प बसल्या.

सर मात्र दुखावले होते. शाळेत तीस वर्षं काढलेला माणूस, खोटेपणाचा त्यांना मनस्वी तिटकारा. "अहो, लेकरासमोर तुम्ही खोटं बोलता? एका अधिकाऱ्यावर आळ घेता? काय शिकेल ही? कान धरा. धरा. आणि तिला सांगा, मी पुन्हा कधी खोटं बोलणार नाही."

यल्लूबाई उठली. तिनं दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले. बायकांना कुणी चारचौघांत काही करायला लावलं की त्या हसतात तसं थोडं हसली.

"रेणे, इकडं बघ. मी पुन्हा खोटं न्हाई बोलनार."

पोरगी पहिल्यांदा वळली. कान धरून उभ्या असलेल्या आईकडे बघत राहिली.

"पुरे," मी म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं. माझे कान इतके तापले होते की सगळ्यांना दिसत असतील असं वाटलं. कुणालाच दिसले नाहीत. सरांनी आदेशावर सही केली, खाली लिहिलं, आईस समज देण्यात आली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ननवरे, मनावर घेऊ नका. या कामात असे आरोप होतातच."

"नाही सर," मी म्हणाले.

पुढे मी जिल्हा अधिकारी झाले. एकाही घरी न जाता त्या घराचा अहवाल लिहिला नाही, हाताखालच्या कुणाला लिहू दिला नाही. कडक म्हणून नाव झालं. बदली झाली तेव्हा निरोपसमारंभात त्याचंच कौतुक करणारी भाषणं झाली, आणि मी हार गळ्यात घालून ती ऐकून घेतली.

मूल परत देताना नोंदवहीत पालकाचा अंगठा घ्यायचा असतो. ते काम माझं. मी वही घेऊन व्हरांड्यात आले. यल्लूबाई पोरीच्या कापलेल्या केसांवर स्वतःचा पदर बांधून बघत होती, ऊन लागू नये म्हणून. पोरीचा राग उतरला होता. तिनं आईचा हात धरला होता. ती विचार करत होती, मग तिनं मोठ्यानं विचारलं,

"आयं, तू खोटं कवा बोललीस? आपल्या घराला दार व्हतं कुटं?"

यल्लूबाईनं चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप. बाई हायेत."

मग ती माझ्याकडे वळली. "अंगठा कुटं करायचा, बाई?"

मी वही उघडली आणि बोट ठेवून तिला जागा दाखवली.